मास-कोलेल, व्हिन्स्टन, ग्रीन : हजार पानांचा ठोकळा नेमका कशासाठी घ्यायचा

पूर्ण नाव 'मायक्रोइकॉनॉमिक थिअरी'. लेखक आंद्रेऊ मास-कोलेल, मायकेल व्हिन्स्टन आणि जेरी ग्रीन. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९९५ साली काढलं आणि त्यानंतर दुसरी आवृत्ती आलीच नाही. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्राचा कोर्स घेतलेला माणूस पूर्ण नाव कधी घेत नाही. 'एमडब्ल्यूजी' किंवा नुसतं 'मास-कोलेल' म्हणतो, आणि पुढच्याला कळतं. पाच भाग, २३ प्रकरणं, शेवटी गणिताचं परिशिष्ट, सगळं मिळून हजाराला थोडी कमी पानं.

निकाल आधीच सांगून टाकतो. शिकवणारं पुस्तक म्हणून हे मध्यम आहे. कुठलं प्रमेय कुठल्या गृहीतकावर उभं आहे याची वही म्हणून याला तोड नाही. अनेकजण पहिल्या कामासाठी ते उघडतात, दोन महिन्यांत त्यांच्या नाकी नऊ येतात आणि 'पुस्तक रुक्ष आहे' म्हणून ते बाजूला जातं. रुक्ष आहेच. पण कोर्सच्या परीक्षेत प्रश्न असा येतो: 'अमुक अट काढून घेतली तर निष्कर्ष टिकतो का? टिकत नसेल तर प्रतिउदाहरण द्या.' त्या प्रश्नाची तयारी या पुस्तकाइतकी कुठेच होत नाही, कारण इथे प्रत्येक विधानाच्या पहिल्या ओळीत लागतील तेवढ्याच अटी आहेत. विद्यार्थी ती पहिली ओळ ओलांडून दुसऱ्या ओळीतला निष्कर्ष पाठ करतो. तिथेच गणित चुकतं.

पहिली तीन प्रकरणं आणि त्यांचा उलटसुलट क्रम

पहिलं प्रकरण लहान आहे आणि फसवं आहे. त्यात दोन वाटा मांडल्या आहेत. एक वाट पसंतीक्रमापासून सुरू होते: ग्राहकाची पसंती पूर्ण (कुठल्याही दोन टोपल्यांची तुलना होते) आणि संक्रामक (पहिली दुसरीपेक्षा आणि दुसरी तिसरीपेक्षा बरी, तर पहिली तिसरीपेक्षाही बरी) आहे असं मानायचं आणि त्यातून निवड काढायची. दुसरी वाट निवडीपासून सुरू होते: माणूस काय उचलतो ते पाहायचं आणि त्या निवडींत सुसंगती असावी एवढंच मागायचं. ती सुसंगती म्हणजे वीक ॲक्झिअम. विधान १.डी.२ सांगतं की बजेटच्या यादीत तीन घटकांपर्यंतचे सगळे संच असतील, तर दुसऱ्या वाटेने गेलं तरी पहिल्या वाटेवरच पोचता. 'तीन घटकांपर्यंतचे सगळे संच' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. बाजारातली बजेटं तशी नसतात, आणि दुसऱ्या प्रकरणातला सगळा गुंता तिथूनच येतो.

छापलेल्या क्रमाने वाचलं तर दुसऱ्या प्रकरणात मागणीचा सिद्धांत निवडीच्या वाटेने येतो आणि तिसऱ्यात तोच पुन्हा उपयोगितेच्या वाटेने. पहिल्या वाचनात ही पुनरुक्ती वाटते. त्यापेक्षा पहिलं प्रकरण, मग ३.बी ते ३.जी (तिसऱ्या प्रकरणाचे बी ते जी हे विभाग), आणि त्यानंतर परत २.एफ असं वाचा. मग दिसतं की दोन प्रकरणांतला फरक एका शब्दात मावतो: सिमेट्री. वीक ॲक्झिअममधून स्लुत्स्की मॅट्रिक्स (उत्पन्न परिणामाची भरपाई केल्यावर किंमतींमुळे मागणी कशी बदलते त्याचा तक्ता) निगेटिव्ह सेमीडेफिनिट (कुठल्याही दिशेने धन न होणारं) मिळतं, पण सममित मिळेलच असं नाही. उपयोगिता फलन मागे असेल तर सममितही मिळतं. दोनच वस्तू असतील तर हा फरक दिसत नाही, कारण तिथे सममिती आपोआप येते. तीन वस्तू घेतल्या की उघडा पडतो.

हे हाताने करून पाहण्यासारखं आहे. उत्पन्न ८ ठेवा. किंमती (२, १, २) असताना ग्राहक (१, २, २) घेतो. (२, २, १) असताना (२, १, २). आणि (१, २, २) असताना (२, २, १). तिन्ही वेळा खर्च बरोबर ८. आता आडवे गुणाकार करा. पहिल्या किंमतींना तिसरी टोपली ८ मध्ये येते, दुसरी मात्र ९ ला जाते. म्हणजे पहिली टोपली तिसरीपेक्षा पसंत. दुसऱ्या किंमतींना पहिली टोपली ८ मध्ये येते, तिसरी ९ ला. म्हणजे दुसरी पहिलीपेक्षा पसंत. तिसऱ्या किंमतींना दुसरी ८ मध्ये, पहिली ९ ला. म्हणजे तिसरी दुसरीपेक्षा पसंत. कुठल्याही दोन टोपल्यांत परस्परविरोध नाही, त्यामुळे वीक ॲक्झिअम शाबूत. तिन्ही एकत्र ठेवल्या की चक्र तयार होतं, म्हणजे यांच्यामागे कुठलाही संक्रामक पसंतीक्रम असू शकत नाही. पाच मिनिटांचं काम आहे. स्ट्राँग ॲक्झिअम (३.जे) वेगळा का लागतो हे त्यानंतर कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरं प्रकरण हा पुस्तकाचा कणा. इथे घाई केली तर पुढे उत्पादन, कल्याण, सामान्य समतोल, सगळीकडे अडखळायला होतं. एका बैठकीत तीन-चार पानांपेक्षा जास्त झाली तर समजा की पेन्सिल हातात नव्हती. ३.सी मधलं लेक्सिकोग्राफिक (शब्दकोशासारख्या: आधी पहिली वस्तू पाहायची, बरोबरी झाली तरच दुसरी) पसंतीचं उदाहरण बहुतेकजण 'हे विचित्र आहे' म्हणून सोडून देतात. सोडू नका. पहिल्या वस्तूच्या प्रत्येक मात्रेसाठी उपयोगितेचा एक स्वतंत्र, एकमेकांवर न येणारा पट्टा लागतो. प्रत्येक पट्ट्यात एक तरी परिमेय संख्या सापडते. आणि पट्टे मोजता न येण्याइतके असतात, परिमेय संख्या मात्र मोजता येण्याइतक्याच. म्हणून उपयोगिता फलन अशक्य. सातत्याची अट नुसती गणिती टापटीप नाही, तिच्यावर खरोखर वजन आहे, हे इथे दिसतं.

नंतर ३.ई, म्हणजे ड्युआलिटी. उपयोगिता कमाल करणं आणि खर्च किमान करणं ही एकाच नाण्याची दोन अंगं, असं सगळेच म्हणतात. पुस्तक विधान ३.ई.१ मध्ये दोन दिशा वेगळ्या सिद्ध करतं, आणि दोन्हींना अट वेगळी लागते. कमाल उपयोगितेची टोपली किमान खर्चाचीही आहे हे म्हणायला लोकल नॉनसॅशिएशन (कुठल्याही टोपलीच्या अगदी जवळ तिच्याहून बरी टोपली असतेच) हवं. समवृत्ती वक्र (सारख्याच पसंतीच्या टोपल्यांची रेषा) जाड असेल तर तीच उपयोगिता कमी खर्चात मिळते आणि विधान कोसळतं. उलट दिशेला सातत्य हवं, आणि खर्च शून्यापेक्षा जास्त हवा, कारण सिद्धतेत दुसऱ्या टोपलीला किंचित आकसून स्वस्त केलं जातं; शून्य खर्चाची टोपली आकसून आणखी स्वस्त होत नाही. या दोन ओळी वहीत लिहून ठेवा. सोळाव्या प्रकरणात त्याच परत भेटतात.

एकच उदाहरण, आकड्यांसकट

पुस्तकाची एक खरी उणीव म्हणजे आकड्यांची उदाहरणं फार थोडी. ती स्वतः करावी लागतात. स्लुत्स्की आणि ३.आय मधल्या कल्याणमापनासाठी खालचं उदाहरण पुरेसं आहे, आणि कोर्समध्ये नेहमी होणाऱ्या तीन चुका त्यात पकडता येतात.

कॉब-डग्लस उपयोगिता घ्या, दोन वस्तूंच्या मात्रांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. उत्पन्न १००, दोन्ही किंमती १. प्रत्येक वस्तूवर निम्मा खर्च, म्हणून मागणी ५० आणि ५०, उपयोगिता ५०. आता स्लुत्स्की मॅट्रिक्सचा पहिला घटक: पहिल्या वस्तूची मागणी तिच्या स्वतःच्या किंमतीला −५० या दराने बदलते, उत्पन्नाला ०.५ या दराने. उत्पन्न परिणामाची भरपाई ०.५ × ५० = २५. बेरीज −२५. आडवा घटक: दुसऱ्या किंमतीचा थेट परिणाम शून्य, अधिक २५, म्हणजे २५. मॅट्रिक्स झालं −२५, २५, २५, −२५. तीन तपासण्या लगेच करा. सममित आहे. कर्णावर ऋण संख्या आहेत. किंमतींनी गुणलं की प्रत्येक ओळ शून्य होते. तिसरी तपासणी विद्यार्थी विसरतात, आणि चूक शोधायला तीच सर्वांत उपयोगी.

आता पहिली किंमत १ वरून ४ करा. मागणी १२.५ आणि ५०, उपयोगिता २५. जुनी उपयोगिता ५० नव्या किंमतींना विकत घ्यायची तर खर्च फलन सांगतं २ × ५० × २ = २००. म्हणजे कॉम्पेन्सेटिंग व्हेरिएशन −१००. नवी उपयोगिता २५ जुन्या किंमतींना ५० मध्ये मिळते, म्हणून इक्विव्हॅलंट व्हेरिएशन −५०. वॉल्रासियन (भरपाई न करता दिसणाऱ्या साध्या) मागणीखालचं क्षेत्रफळ ५० गुणिले ४ चा नैसर्गिक लॉग, सुमारे ६९.३, तेवढा तोटा. तिन्ही आकडे वेगळे आणि क्षेत्रफळाचा मधोमध. वस्तू नॉर्मल (उत्पन्न वाढलं की मागणी वाढते अशी) असेल तर हाच क्रम येतो.

पहिली चूक चिन्हांची. या पुस्तकात दोन्ही मापं ग्राहकाच्या बाजूने लिहिली आहेत, म्हणून नुकसान झालं की दोन्ही ऋण. काही पुस्तकांत कॉम्पेन्सेटिंग व्हेरिएशन 'द्यावी लागणारी रक्कम' म्हणून धन लिहितात. दोन ठिकाणच्या व्याख्या मिसळल्या की असमानता उलटते. दुसरी चूक, हिक्सची भरपाई आणि स्लुत्स्कीची भरपाई एकच समजणं. जुनी टोपली (५०, ५०) नव्या किंमतींना परवडायला २५० लागतात, म्हणजे १५० ची भरपाई. जुनी उपयोगिता राखायला १०० पुरतात. किंमतीतला बदल अगदी सूक्ष्म असेल तरच दोन्ही एक होतात. तिसरी चूक मॅट्रिक्स निगेटिव्ह सेमीडेफिनिट आहे की नाही हे तपासताना होते, आणि ती गणिताच्या परिशिष्टाकडे नेते.

परिशिष्ट आधी, प्रकरणं नंतर

एम.ए पासून एम.एन पर्यंत चौदा छोटे विभाग आहेत. होमोजिनियस फलनं, कॉन्केव्ह आणि क्वासीकॉन्केव्ह, मॅट्रिक्स, इम्प्लिसिट फंक्शन थिअरम, सेपरेटिंग हायपरप्लेन, करस्पॉन्डन्स, फिक्स्ड पॉइंट, कून-टकर, एन्व्हलप, शेवटी डायनॅमिक प्रोग्रामिंग. परिशिष्ट गणित शिकवत नाही, आठवण करून देतं. ज्याने रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जेब्रा कधी केलंच नाही, त्याला यातून काही लागणार नाही; त्याने पुस्तक उघडण्याआधी ते दोन विषय करावेत.

स्वतःची तयारी जोखायला तीन प्रश्न पुरतात. क्वासीकॉन्केव्ह आहे पण कॉन्केव्ह नाही असं फलन द्या. (धन चतुर्थांशात दोन चलांचा गुणाकार.) लीडिंग मायनर दोन्ही शून्य आहेत आणि तरी मॅट्रिक्स पॉझिटिव्ह सेमीडेफिनिट नाही, असं दोन बाय दोनचं उदाहरण द्या. (कर्णावर ० आणि −१, बाकी शून्य.) अप्पर हेमिकंटिन्युटी म्हणजे काय ते सांगा. पहिल्या दोनांवर अडलात तर आधी परिशिष्टाचे एम.सी आणि एम.डी हे विभाग सोडवून काढा. दुसरा प्रश्न चलाखीचा वाटेल, पण स्लुत्स्की मॅट्रिक्सचा डिटरमिनंट नेहमीच शून्य असतो, वर पाहिलंच. म्हणून 'फक्त लीडिंग मायनर तपासा' ही सवय नेमकी इथेच दगा देते. सेमीडेफिनिटसाठी सगळे प्रिन्सिपल मायनर तपासावे लागतात. तिसऱ्या प्रश्नाबाबत एक इशारा: या पुस्तकात अप्पर हेमिकंटिन्युटीची व्याख्या बंद आलेख आणि कॉम्पॅक्ट संचांच्या प्रतिमा मर्यादित, अशी आहे. दुसरीकडे ती ओपन सेटच्या भाषेत मिळते. उत्तरपत्रिकेत कुठली वापरता ते एका वाक्यात लिहा.

मधला पट्टा

चौथं प्रकरण, एकूण मागणी, अवघड आणि अन्यायाने दुर्लक्षित. 'प्रातिनिधिक ग्राहक' हा शब्द मॅक्रोवाले सर्रास वापरतात. तो कधी वापरता येतो हे ४.बी ते ४.डी मध्ये आहे. उत्पन्न कसंही वाटलं तरी एकूण मागणी तीच राहायची असेल तर अप्रत्यक्ष उपयोगिता (दिलेल्या किंमती आणि उत्पन्नात मिळणारी कमाल उपयोगिता) गोरमन रूपात (उत्पन्नात सरळ रेषेची) हवी, आणि उत्पन्नाचा गुणक सगळ्यांचा सारखा हवा. पाचव्यात एक गोष्ट नजरेतून निसटते: उत्पादनात उत्पन्न परिणाम नाही, म्हणून पुरवठ्याचा नियम भरपाईशिवाय आणि कॉन्व्हेक्सिटीशिवायही खरा. सहावं प्रकरण (अनिश्चिततेखालची निवड) चांगलं आहे; त्यातले छोट्या टाइपातले भाग पहिल्या फेरीत सोडले तरी चालतं. संपूर्ण पुस्तकात छोटा टाइप म्हणजे 'नंतर ये' अशी खूण आहे, आणि ती बहुतांशी प्रामाणिक आहे.

गेम थिअरीची तीन प्रकरणं (७ ते ९) कामचलाऊ आहेत. नववं तर तक्रार करावी असं. अपूर्ण माहितीच्या डायनॅमिक खेळांसाठी इथे 'वीक परफेक्ट बेझियन इक्विलिब्रियम' वापरतात. समतोलाच्या वाटेबाहेर खेळाडू काहीही समजू शकतो, इतकी ही व्याख्या सैल. परिणाम असा की वीक पीबीई असलेला समतोल सबगेम परफेक्टसुद्धा (प्रत्येक उपखेळातही समतोल) नसू शकतो. पुस्तक हे स्वतःच उदाहरणाने दाखवतं आणि पुढे जातं. अडचण तेव्हा येते जेव्हा विद्यार्थी नुसतं 'पीबीई' लिहितो आणि तपासणारा अधिक कडक व्याख्या धरून बसलेला असतो. 'वीक' हा शब्द गाळू नका. पुनरावृत्त खेळांना तर वेगळं प्रकरणच नाही, ते बाराव्यात ऑलिगोपॉलीच्या (मोजक्या विक्रेत्यांच्या बाजाराच्या) ओघात आणि त्याच्या परिशिष्टात येतात. गेम थिअरीसाठी दुसरं पुस्तक लागणारच.

तेरावं आणि चौदावं मात्र अप्रतिम. ॲडव्हर्स सिलेक्शन (माहिती लपल्याने चांगले बाजूला पडणं), सिग्नलिंग (माहिती असलेल्याने खूण देणं), स्क्रीनिंग (माहिती नसलेल्याने चाळणी लावणं) एकाच श्रमबाजाराच्या चौकटीत मांडलं आहे, त्यामुळे अकरलॉफ (१९७०), स्पेन्स (१९७३) आणि रॉथशील्ड-स्टिग्लिट्झ (१९७६) यांच्यात नेमकं काय बदलतं ते एका चित्रात दिसतं. बदलते ती फक्त चाल कोण आधी खेळतो आणि कोणाला काय ठाऊक आहे एवढीच गोष्ट.

चौदाव्यातला एक निष्कर्ष ऐकणाऱ्याला पटत नाही, म्हणून आकड्यांनी पाहू. मालकाला कामगाराची मेहनत दिसत नाही, फक्त नफा दिसतो: कमी, मध्यम किंवा जास्त. मेहनत केली तर शक्यता ०.३, ०.१, ०.६. टाळाटाळ केली तर ०.३, ०.५, ०.२. मेहनत केलेली बरी यात शंका नाही, ती फर्स्ट-ऑर्डर स्टोकॅस्टिक डॉमिनन्सने (कुठलीही पातळी घ्या, तिच्याहून जास्त नफ्याची शक्यता मेहनतीने कमी होत नाही) वरचढ आहे. तरीही इष्टतम करारात मध्यम नफ्याला मिळणारा पगार कमी नफ्यापेक्षाही कमी! कारण पगार नफा किती यावर ठरत नाही, तो नफा कामगाराबद्दल काय सांगतो यावर ठरतो. टाळाटाळ आणि मेहनत यांच्या शक्यतांचं गुणोत्तर कमी नफ्याला १, मध्यमला ५, जास्तला एक तृतीयांश. मध्यम नफा हीच आळसाची सर्वांत मोठी खूण. पगार नफ्याबरोबर चढता हवा असेल तर हे गुणोत्तर उतरतं असायला हवं, आणि ती अट डॉमिनन्सपेक्षा कडक आहे. पुस्तकात हे सूत्रातून येतं, दोन परिच्छेदांत. तिथे थांबून असा एखादा तक्ता मांडला नाही तर सूत्र नुसतं सूत्रच राहतं.

सामान्य समतोल : गृहीतकांची वही इथे कामी येते

पंधराव्या प्रकरणात एजवर्थ बॉक्स (दोन माणसं, दोन वस्तूंच्या अदलाबदलीचं चित्र) आणि तशीच छोटी उदाहरणं आहेत. ते वगळून सोळाव्यावर उडी मारणाऱ्याची फजिती ठरलेली. सोळाव्यात दोन कल्याण प्रमेयं. पहिलं सांगतं की बाजाराचा समतोल पॅरेटो इष्टतम असतो, म्हणजे कुणाचं न बिघडवता कुणाचं भलं करता येत नाही; दुसरं सांगतं की इष्टतम वाटप उत्पन्नाची फेरवाटणी करून समतोल म्हणून मिळवता येतं. पहिल्याला फक्त लोकल नॉनसॅशिएशन लागतं. कॉन्व्हेक्सिटी नाही, सातत्यही नाही. ती एक अट काढून पाहा: दोघांकडे प्रत्येकी (१, १). पहिल्याला सगळ्या टोपल्या सारख्याच, दुसऱ्याला दोन्ही वस्तू हव्यात, कॉब-डग्लस. किंमती (१, १) ना जो तो आपापलं घेऊन बसतो, बाजार जुळतो, समतोल आहे. पण पहिल्याचं सगळं दुसऱ्याला दिलं तर पहिल्याचं काही बिघडत नाही आणि दुसऱ्याचं भलं होतं. समतोल आहे, पॅरेटो इष्टतम नाही. चार ओळींचं प्रतिउदाहरण, परीक्षेत पूर्ण गुण.

दुसऱ्या प्रमेयाला पसंती आणि उत्पादन संच दोन्हींची कॉन्व्हेक्सिटी लागते, कारण सिद्धता सेपरेटिंग हायपरप्लेनवर आहे. आणि तेवढ्यानेही मिळतो तो 'क्वासीइक्विलिब्रियम', म्हणजे अर्धवट समतोल: जास्त पसंतीची टोपली निदान स्वस्त तरी नसते. त्यापासून खऱ्या समतोलापर्यंतचा शेवटचा टप्पा म्हणजे ड्युआलिटीतली तीच गोष्ट: सातत्य, आणि ग्राहकाला आणखी स्वस्त अशी एखादी टोपली उपलब्ध असणं. ३.ई ला वहीत लिहिलेल्या त्या दोन ओळी इथे परत आल्या. हा धागा पुस्तक बोटाने दाखवत नाही. वहीत तीन रकाने केले (विधान, अट, सिद्धतेच्या कुठल्या पायरीवर अट वापरली) तर आपोआप दिसतो.

सतराव्यात १७.ई चं सोननशाइन-मँटेल-डेब्र्यू प्रमेय (एकूण मागणीवर सिद्धांत जवळपास कुठलंच बंधन घालत नाही असं सांगणारं) वाचाच, बाकी निवडून. इंडेक्स थिअरम आणि तातोनमाँच्या (किंमती सरकत सरकत समतोलाकडे जाण्याच्या प्रक्रियेच्या) स्थैर्याला एक आठवडा देण्याइतका वेळ बहुतेक कोर्सेसकडे नसतो. एकोणिसावं (अनिश्चिततेखालचा समतोल) वित्तशास्त्राकडे जाणाऱ्यांना अनिवार्य. विसावं वरवर. एकविसाव्यात ॲरोचं प्रमेय नीट केलेलं आहे. तेविसावं, मेकॅनिझम डिझाइन (हवा तो निकाल मिळेल असे नियम आखणं), शेवटी आलं म्हणून राहून जातं, हे दुर्दैव. रिव्हिलेशन प्रिन्सिपल, ग्रोव्ह्ज-क्लार्क, रेव्हेन्यू इक्विव्हॅलन्स, मायरसन-सॅटरथ्वेट सगळं तिथे आहे आणि लेखन पहिल्या प्रकरणांपेक्षा मोकळं आहे. चौदाव्यानंतर थेट तेविसाव्यावर गेलात तरी फारसं अडत नाही.

स्वाध्याय

प्रत्येक प्रश्नाला ए, बी किंवा सी अशी काठिण्यपातळी दिलेली आहे. ए म्हणजे व्याख्या कळली का एवढंच. बी हा खरा अभ्यास. सी मधले काही प्रश्न मुळात शोधनिबंधांचे निष्कर्ष आहेत. त्यांच्यावर एक रविवार घालवून काही हाती लागलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. एका प्रकरणामागे ए सगळे, बी मधले आठ-दहा आणि सी मधला एखादा, हे प्रमाण ठीक. पुस्तकात उत्तरं नाहीत. चियाकी हारा, इल्या सीगल आणि स्टीव्ह टाडेलिस यांनी केलेलं उत्तरांचं वेगळं पुस्तक आहे, ते व्यवस्थित आहे. धोका असा की उत्तर वाचताना सगळं सोपं वाटतं. प्रश्नावर निदान पाऊण तास कोऱ्या कागदासमोर बसल्याशिवाय ते उघडू नये, आणि उघडल्यावर फक्त जिथे अडलं तेवढी ओळ वाचून बंद करावं.

एक बारीक वैताग: व्याख्या, विधानं, उदाहरणं आणि स्वाध्याय या सगळ्यांचे क्रमांक स्वतंत्र मालिकेत आहेत. त्यामुळे '३.सी.१' नावाची व्याख्या, विधान, उदाहरण आणि प्रश्न असं चारही असतं. गटात अभ्यास करताना नुसता क्रमांक सांगितला की दोघंजण दोन वेगळ्या पानांवर बसलेले असतात.

काय नाही, आणि मग काय घ्यायचं

पुस्तक १९९५ चं आहे हे जाणवतं. मॅचिंग (दोन बाजूंच्या जोड्या जुळवणं) जवळपास नाही, गेल-शॅप्ली १९६२ चं असूनही. वर्तनवादी अर्थशास्त्र नावापुरतं. मोनोटोन कम्पॅरेटिव्ह स्टॅटिक्स नाही, त्यामुळे जिथे-तिथे इम्प्लिसिट फंक्शन थिअरम आणि त्याच्या डिफरन्शिएबिलिटीच्या अटी ओढत न्याव्या लागतात. इन्फर्मेशन डिझाइन तर नंतरचंच.

जोडीला काय घ्यावं हे अडचण कुठली आहे त्यावर. गणित झेपत नसेल तर जेले आणि रेनी यांचं पुस्तक (तिसरी आवृत्ती २०११): नऊच प्रकरणं, पायऱ्या गाळत नाही, लिलावाचं प्रकरण छान, मात्र एकूण मागणी आणि अनिश्चिततेखालचा समतोल यांत पातळ. 'हे सगळं कशासाठी' असा प्रश्न पडत असेल तर डेव्हिड क्रेप्स यांचा १९९० चा ग्रंथ, गप्पांच्या सुरात लिहिलेला, कधीकधी फार लांबलेला. हॅल व्हेरियन यांचं प्रगत पुस्तक (तिसरी आवृत्ती १९९२) उजळणीला उत्तम, पहिल्या वाचनाला त्रोटक. एरियल रुबिनस्टाइन यांच्या व्याख्यान-टिपा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि पहिल्या तीन प्रकरणांसाठी याहून चांगली सोबत नाही. गेम थिअरीला रॉबर्ट गिबन्स (१९९२) आधी, नंतर ऑस्बोर्न-रुबिनस्टाइन (१९९४). पुस्तकं बदलताना खुणा मात्र जपा: इथे 'वॉल्रासियन' मागणी म्हणतात, तीच दुसरीकडे 'मार्शलियन', इथे ज्याला संपत्ती म्हणून डब्ल्यू लिहितात, त्याला कोणी एम तर कोणी वाय लिहितं.

छापील प्रत जाडजूड आणि कडक बांधणीची आहे, पलंगावर पडून वाचायची नाही. समास रुंद आहेत आणि पेन्सिलीला भरपूर जागा आहे, म्हणून वापरलेली प्रत मिळत असेल तर बिनधास्त घ्या. आधीच्या मालकाने तिसऱ्या आणि सोळाव्या प्रकरणाच्या समासात काही लिहून ठेवलं असेल तर नव्या कोऱ्या प्रतीपेक्षा ती बरी. गणिताच्या परिशिष्टाला सुरुवातीलाच एक रंगीत पट्टी चिकटवा. पहिल्या सहा प्रकरणांत दर दुसऱ्या पानाला तिथे जावं लागतं.